गाळलेले दोन भाग

आईच्या नजरेचा मधला भाग गेला आणि कडा राहिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा झिजलाय, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं. त्यामुळे तिला दाराची चौकट दिसते, पण दारात उभं असलेलं माणूस दिसत नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघते, कारण तसं बघितलं तरच मी तिला थोडीशी दिसते. टीव्हीसमोर बसते तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे असतं.

घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. बडोद्याबाहेर बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, सकाळी सातच्या बसने जाते आणि सहाच्या सुमारास परत येते. आई नर्स होती. नोकरीची बहुतेक वर्षं तिने डभोईच्या दवाखान्यात काढली, रोज बडोद्याहून बसने जाऊन-येऊन. तेव्हा आम्ही नागरवाड्यात राहत होतो. ती निवृत्त झाल्यावर आम्ही या फ्लॅटमध्ये आलो.

सांगायचंय ते एका मालिकेबद्दल. आईचे डोळे शाबूत होते तेव्हा आम्ही ती पहिल्यांदा बघितली. हिंदी, दहा भागांची. समुद्रकाठचं एक गाव, मैलोगणती मिठागरं, आणि त्या मिठात पुरलेल्या बायका-पोरींची प्रेतं एकेक करून बाहेर येतात. तपास करणारी इन्स्पेक्टर निवृत्तीला आलेली, गुडघे दुखणारी बाई. फार काळीकुट्ट मालिका होती. माझ्या मैत्रिणींनी दोन भागांत सोडून दिली होती. आम्ही दोघी मात्र रोज संध्याकाळी चहाचे कप घेऊन बसायचो. आईचं शेरे मारणं चालू असायचं. "प्रेत इतकं हलकं उचलतात होय? दोन माणसं लागतात, आणि तीही कण्हतात." किंवा, "हा डॉक्टर हातमोजे उलटे काढतोय, कुणी शिकवलं नाही वाटतं." नटांच्या तोंडावर रडू आलं की ती म्हणायची, "खरं माणूस त्या वेळी रडत नाही. आधी पाणी मागतं."

गेल्या वर्षी श्रावणात ती एकदा म्हणाली, "आपण ती मिठागराची परत बघू या का?"

मी म्हटलं, "आई, तुला दिसणार काय त्यात? मला दिसत असूनही अर्धी अंधारात होती."

"त्यातली माणसं मला पाठ आहेत. नवीन काही लावलंस तर चेहरेच नसतात माझ्याकडे. हिच्यातले आहेत. बोलणं ऐकू येतंच. गप्प असतात तेव्हा कोण काय करतंय तेवढं तू सांग."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं, हे खरं. पहिले चार दिवस मी जीव ओतून सांगितलं. "ती दाराशी आलीय. हातात काहीतरी आहे. सुरी नाही, किल्ली आहे. आता मागे वळून बघतेय." आई लगेच विचारायची, "चेहरा कसा आहे?" मी म्हणायचे, "घाबरलेला." "घाबरलेला म्हणजे? ओठ मिटलेत की उघडे?" मग मी नीट बघायचे. ओठ मिटलेले असायचे, आणि खालचा दातांत धरलेला. मीही ही मालिका पूर्वी बघितली होती, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

तरी चारच दिवस टिकलं माझं. कारखान्यातून आल्यावर तासभर बोलत राहायचं म्हणजे घसा दुखतो, हे एक. दुसरं म्हणजे शेवट मला माहीत होता. आणि तिसरं, जे सांगायला मला आजही जड जातं, ते म्हणजे कारखान्यात सगळे एका नव्या मालिकेबद्दल बोलत होते. जेवणाच्या सुट्टीत खुनी कोण यावर पैजा लागायच्या, आणि मी मात्र अडकले होते जुन्यात. नवी आईला लावून देता येत नव्हती, कारण तिच्याकडे ते चेहरे नव्हते. ही संपली की मी माझ्या खोलीत कानात इअरफोन घालून ती बघणार होते.

मग मी हात आखडता घेतला. एक डोळा फोनवर ठेवून बोलायला लागले. आई विचारायची, "काय चाललंय?" मी म्हणायचे, "काही नाही, चालतेय ती."

"इतका वेळ?"

"लांबचा रस्ता आहे."

खरं तर त्या वेळी पडद्यावर इन्स्पेक्टर बाई मेलेल्या पोरीच्या घरात शिरून तिची कपाटं उघडून बघत होती. मी फोनवर ग्रुपमधले फोटो बघत होते.

पाच भाग झाले. सहाव्या दिवशी मी रिमोट घेतला आणि सरळ आठवा भाग लावला. बोट चुकून पडलं असं मला म्हणता येणार नाही. सुरुवातीला 'मागील भागात' म्हणून आधीचे तुकडे दाखवतात, त्यातले आवाज आईला ऐकू आले असते, म्हणून ते मी झटकन पुढे ढकलले. म्हणजे विचार करून केलं. सहावा-सातवा हे मधले संथ भाग, त्यात तपास पुढे सरकत नाही, दोन दिवस वाचतील, आणि आईला कुठे आठवतंय, असा तो विचार.

आईने विचारलं, "सहावा ना हा?"

"हो, सहावा."

इतकं सोपं होतं ते. तिच्या तोंडावर बघून सांगितलं, आणि तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

मध्येच ती म्हणाली, "त्या लहान पोरीची आई आली नाही अजून." मी म्हटलं, "येईल." नंतर तिने विचारलं नाही. आठव्या दिवशी मालिका संपली. शेवटचं संगीत वाजून बंद झालं तरी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"संपली?"

"संपली."

"लवकर संपली," ती म्हणाली. मग उठली, भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावायला घेतला. मी खोलीत जाऊन नवी मालिका सुरू केली.

आमच्या समोरच्या दारात एक बेन राहतात. साड्यांना फॉल लावून देतात. दिवसभर मशीनवर बसतात आणि समोर डब्याला टेकवून फोन ठेवतात. मालिका चालू असते, पण नजर टाक्यावर, त्यामुळे त्या बघण्यापेक्षा ऐकतातच जास्त. आईला त्या मासी म्हणतात. त्या गुजरातीत बोलतात आणि आई मराठीत, इतक्या वर्षांत दोघींचं कधी अडलेलं नाही.

पुढच्या शनिवारी मला अर्धा दिवस होता. मी घरी होते. दुपारी बेन आल्या, "मासी, आवुं के?" म्हणत सरळ आत येऊन आईच्या शेजारी बसल्या. मी चहा टाकायला गेले. आमचं स्वयंपाकघर म्हणजे बाहेरच्या खोलीचाच एक कोपरा, मध्ये अर्धी भिंत. सगळं ऐकू येतं.

आई म्हणाली, "आमची मालिका झाली हं परत बघून. हिने मला अख्खी सांगितली. कारखान्यातून दमून यायची आणि तासभर बोलत बसायची. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे. बारीकसारीक सगळं."

तिच्या आवाजात कौतुक होतं. चार दिवसांचं सांगणं तिने आठ दिवसांवर पसरून ठेवलं होतं. मी साखरेचा डबा उघडला आणि नुसती त्यात बघत राहिले.

बेन म्हणाल्या, "अरे, ती मिठावाली? मीही ऐकली ती. त्यात ती आई मुलीचे केस विंचरते ना, सातव्या भागात, त्या दिवशी माझ्या हातून टाकाच पडेना. मशीन बंद करून बसले. तुम्हाला कसं वाटलं, मासी, तेव्हा?"

मला सातवा भाग त्या क्षणी आठवला. शवागारात मेलेल्या पोरीची आई येते. ओळख पटवून सही करायची एवढंच काम असतं. सही झाल्यावर ती तिथल्या बाईकडे कंगवा मागते आणि पोरीच्या केसांतलं मीठ काढत बसते. चार-पाच मिनिटांचा प्रसंग, एकही शब्द नाही. तपासाशी काही संबंध नाही. मी संथ म्हणून गाळलेला.

मग आई म्हणाली, "तेव्हा माझा डोळा लागला असावा बाई. हिने उठवलं नसेल, म्हटलं असेल झोपू दे."

मी चहा गाळत होते. तो कपाबाहेर गेला. आईचा डोळा एकदाही लागला नव्हता. आठही दिवस ती खिडकीकडे तोंड करून ताठ बसलेली मी बघितली होती. तिला सगळं कळलं होतं, बहुधा त्याच दिवशी, आणि आता ती बेनसमोर मला झाकत होती. तेही असं, की उलट मीच शहाणी ठरेन.

चहा बाहेर नेण्याची मला हिंमत होईना. तेवढ्यात आई पुढे बोलायला लागली.

"तोच एक भाग मला परत बघायचा होता खरं तर," ती म्हणाली. "त्यातली ती शवागाराची बाई आहे ना, ती कंगवा देते. मी दिला नव्हता."

बेन म्हणाल्या, "कुणाला?"

"डभोईला असताना. जवळच्या खेड्यातली एक पोर विहिरीत पडून गेली. दहा-अकरा वर्षांची असेल. सगळं उरकलं होतं, ताब्यात द्यायची होती. तिची आई मला म्हणाली, केसात गाळ आहे, तेवढा विंचरून काढू द्या. आणि मी म्हटलं, घरी नेऊन करा, गाडी थांबलीय. गाडी काही थांबली नव्हती. माझी साडेपाचची बस होती. ती चुकली की दुसरी सातला. घरी ही लहान, शेजारणीकडे ठेवलेली, तापाने फणफणलेली. मी चादर ओढली आणि कागद पुढे केले. तिने पाणी मागितलं, मी दिलं, आणि बस पकडली."

मशीनवरून उठून आलेल्या बेनच्या बोटांना दोरे चिकटलेले असतात, ते त्या काढत बसल्या असाव्यात.

"मालिकेत पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ही शेजारीच बसली होती," आई म्हणाली. "हिला काही सांगितलं नाही मी. उगाच हिला वाटायचं की हिच्यापायी झालं."

मी ओट्याला धरून उभी होते. लाज वाटली म्हणणं पुरेसं नाही. कुणीतरी मला भर बाजारात ओळखून नावाने हाक मारली असती तर जसं अंग आकसलं असतं तसं आकसलं, आणि इथे तर मला कुणी बघतही नव्हतं. मी चहाचे दोन कप नेऊन ठेवले. बेननी माझ्याकडे वर बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. आईचा डोळा लागला नव्हता, हे त्यांना समजलं होतं. आईने माझ्या कानाच्या बाजूला बघत विचारलं, "तुझा कुठे आहे?" मी म्हटलं, "घेते."

बेन गेल्यावर मी बराच वेळ कामं काढत राहिले. वाळलेले कपडे घडी केले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. पाचच्या सुमाराला आईच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"आई, मी दोन भाग गाळले. सहावा आणि सातवा."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. बोटीवाला आला की मी ओळखते, तो खोकतो. तो आठव्यात येतो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पदराने चष्मा पुसला. त्या चष्म्याचा तिला आता काही उपयोग नाही, पण सवयीने घालते. "दिवसात पन्नास गोष्टी मागाव्या लागतात गं मला. पाणी कुठे ठेवलंय, दिवा चालू आहे का, ही गोळी पांढरी की पिवळी. एक्कावन्नावी मागावीशी वाटली नाही."

मी म्हटलं, "मला नवी मालिका बघायची होती. म्हणून केलं. दुसरं कारण नाही." हे सांगायची गरज होती की नाही कोण जाणे. पण तिने बेनसमोर मला जे चांगलं करून ठेवलं होतं ते मला अंगावर ठेवता येत नव्हतं.

"बरी आहे का नवी?" तिने विचारलं.

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "अगं, खरंच विचारतेय." आणि ती खरंच विचारत होती. टोमणा मारायचा असता तर तिने सरळ मारला असता. तेवढी ती जुनी नर्स आहे. डभोईची गोष्ट मी ऐकली हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तिलाही माहीत असणार. अर्ध्या भिंतीचं घर आहे. पण त्या दिवशी आम्ही दोघींनी ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अकरा वाजता मी पडदे ओढले आणि म्हटलं, "सहावा लावू की सरळ सातवा?"

"सहावा लाव. गाळलेलं गाळलेलंच राहतं नाहीतर."

सहावा झाला. जेवलो. मग सातवा लावला. फोन मी आत पलंगावर ठेवून आले होते, आणि तरीही पहिली दहा मिनिटं माझा हात मांडीशेजारी त्याला चाचपत होता. शवागाराचा प्रसंग आला तेव्हा मी बोलायला लागले आणि आवाज भरून आला. आईने माझ्या मनगटावर थाप मारली.

"तू नुसतं काय दिसतंय ते सांग. बाकीचं माझं मी बघते."

मी सांगितलं. "कंगवा काळा आहे. दोन-तीन दात तुटलेत. ती आधी टोकांकडून विंचरतेय. एका हाताने मुळाशी केस धरलेत, ओढले जाऊ नयेत म्हणून."

"बरोबर," आई म्हणाली.

"मीठ पडतंय. टेबलावर, थोडं तिच्या साडीवर. ती झटकत नाहीये."

"आणि ती बाई? कंगवा दिलेली?"

मला ती बाई पडद्यावर शोधावी लागली. आधी एकदा बघूनही माझ्या लक्षात नव्हतं की ती त्या प्रसंगात शेवटपर्यंत असते. मागे, अंधुक, अगदी कडेला होती. "ती दाराशी उभी आहे. दाराकडे तोंड करून. कुणी आत येऊ नये म्हणून दार धरून ठेवलंय."

"किती वेळ?"

"अजून उभी आहे."

आई खिडकीकडे बघत ऐकत होती. हात मांडीवर, एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर फिरत होता. मी सांगत राहिले. ती बाई मध्येच पाय बदलते. बाहेरून कुणीतरी दार ढकलतं, ती खांदा लावते. प्रसंग संपला तेव्हा आई म्हणाली, "पाणी दे गं जरा." मी दिलं. तिने अर्धा पेला पिऊन परत केला आणि म्हणाली, "लाव पुढचं."

हे सगळं सुधारलं असं मात्र मला लिहिता येत नाही. आता आठवड्यातले चार दिवस दुपारी बेन फॉलचं काम घेऊन आमच्याकडे येतात आणि आईला मालिका सांगतात. त्यांनी आईला नव्या चेहऱ्यांचीही ओळख करून देण्याची युक्ती काढलीय. कुणी नवीन आलं की म्हणतात, "मासी, हा आपल्या दूधवाल्यासारखा दिसतो, पण जाडा," आणि आईला चेहरा मिळतो. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. जी नवी मालिका आईला लावून देता येत नाही म्हणून मी जुन्यात अडकून पडले होते, ती बेननी आईला पंधरा दिवसांत दाखवून टाकली. खुनी कोण ते आईने दुसऱ्याच भागात ओळखलं, मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

रविवार माझ्याकडे आहे. मी सांगते. कधी बरं जमतं, कधी मन भलतीकडे जातं आणि माझ्या तोंडून "चालतेय ती" निघून जातं. तेव्हा आईचा अंगठा तळव्यावर फिरायचा थांबतो. मग मी रिमोट घेऊन थोडं मागे नेते आणि पुन्हा सांगते, कोण कुठे उभं आहे ते.